रक्तातलं किती, ताटातलं किती?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सचिवांनी मला बोलावताना एकच अट घातली, ‘मॅडम, पाऊण तासाच्या वर नको, नंतर जेवण आहे.’ जेवणात गुलाबजाम आहेत आणि माझा विषय शुगर आहे. कार्यकारिणीला विनोदबुद्धी आहे हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं, त्यात अनुवंशशास्त्राचा धडा माझ्या आवडीचा. तेव्हा कोणाची गोळी बंद करा, कोणाची चालू करा असलं काही मी सांगणार नाही. ते आपापल्या डॉक्टरांना विचारायचं.

गेल्या महिन्यात याच हॉलमध्ये तपासणी शिबिर झालं. मी नावं लिहून घ्यायला टेबलावर होते. तिथं तीन वाक्यं कानावर पडली. एक तरुण म्हणाला, ‘आमच्यात सगळ्यांनाच आहे. आजोबा, वडील, दोन्ही काका. म्हणजे मला होणारच, मग पथ्य कशाला?’ एक गृहस्थ रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, ‘मी एवढा काटकुळा, मला शुगर कशी निघाली? मशीन बिघडलंय.’ आणि एक आजी सुनेकडं बघत हळूच म्हणाल्या, ‘हे सगळं तिच्या माहेराहून आलंय.’ नावं सांगणार नाही, घाबरू नका. पण ही तीन वाक्यं आपल्या प्रत्येक घरात आहेत, म्हणून आज त्यांच्यावरच बोलते.

आधी आजार कोणता ते समजून घेऊ. डॉक्टर लोक ‘मेटॅबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. हा एक आजार नाही, एकमेकांच्या हातात हात घालून येणाऱ्या पाच गोष्टी आहेत. पोटाचा घेर आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. बी.पी. १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर. आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. पाचातल्या तीन गोष्टी जुळल्या की सिंड्रोम आहे असं समजायचं. गंमत बघा, यातली एकेक गोष्ट ‘बॉर्डरवर आहे’ म्हणून आपण सोडून देतो. बी.पी. थोडंसं, साखर थोडीशी, पोट थोडंसं. तीन थोड्या गोष्टी मिळून एक मोठी होते, हे रिपोर्टच्या कागदावर कुठं छापलेलं नसतं.

या पाचांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, इन्शुलिन रेझिस्टन्स. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे सगळं एकत्र बांधून दाखवलं, त्याला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ नाव दिलं होतं.

म्हणजे काय, ते आपल्या बिल्डिंगच्या भाषेत सांगते. सकाळी दूधवाला येतो, बेल वाजवतो, आपण दार उघडतो, पिशवी आत घेतो. रक्तातली साखर म्हणजे दूध, पेशी म्हणजे आपले फ्लॅट आणि इन्शुलिन म्हणजे बेल. समजा एखाद्या घरात फ्रीज आधीच गच्च भरलाय. बेल वाजली तरी आतले लोक ऐकून न ऐकल्यासारखं करतात. दूधवाला दोनदा वाजवतो, चारदा वाजवतो. आपलं स्वादुपिंड असंच करतं. एका बेलनं भागत नाही म्हणून दुप्पट, तिप्पट इन्शुलिन सोडतं. या काळात साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो! दहा-दहा वर्षं येतो. दूध घरात जातंय, पण किती बेला वाजवून, ते कोणी मोजत नाही. शेवटी दूधवाला दमतो आणि पिशव्या जिन्यात पडून राहतात. तेव्हा आपण म्हणतो, ‘अचानक शुगर निघाली.’ अचानक काही निघत नाही.

फ्रीज गच्च भरला म्हणजे लिव्हरमध्ये आणि स्नायूंत चरबी साठली. कातडीखालची चरबी त्यामानानं गरीब असते. पोटाच्या आतली, लिव्हरवरची, ती त्रास देणारी.

आता त्या काटकुळ्या गृहस्थांकडं येऊ. त्यांचं मशीन बिघडलेलं नव्हतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन मोजतात तो बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक, आतून लठ्ठ. दोघांच्या आडनावांची पहिली इंग्रजी अक्षरं घेऊन याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. एका डॉक्टरनं स्वतःच्या पोटाचं उदाहरण जगासमोर मांडावं, याचं मला कौतुक वाटतं. आपण वजनकाट्यावर उभं राहून खूश होतो आणि शर्टाचं खालचं बटण ताणलेलं असतं, त्याकडं बघत नाही.

हे वयानुसार सुटलेलं पोट आहे का? नाही, आणि इथून गोष्ट खरी सुरू होते. १९९३ मध्ये, म्हणजे आपल्याकडं किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, याज्ञिक सरांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या साध्या बायका, त्यांना दिवस जाण्याआधीपासून मोजमाप, मग बाळंतपण, मग ती बाळं, आणि आज ती बाळं स्वतः आईबाप होण्याच्या वयात आहेत तरी अभ्यास चालूच आहे. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टन शहरातल्या बाळांशी केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं पावणेतीन किलोचंही नाही. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटा घेऊन चरबी मोजली, तर ती मात्र जवळपास इंग्रज बाळाएवढीच! शिवाय पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त सापडलं. म्हणजे बेल जास्त वाजवायची सवय पाळण्यात पडण्याआधीच लागलेली.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, जन्मतःच आहे म्हणजे जनुकांतच असणार. विद्यार्थीही हेच म्हणायचे. पण ‘जन्मतः’ आणि ‘जनुकांत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जन्माच्या आधी नऊ महिने आईच्या पोटात गेलेले असतात, ते कुठं मोजले?

जनुकांचं आधी सांगते. आपल्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. तुमची आणि माझी ९९.९ टक्के अक्षरं सारखी. पण उरलेल्या फरकातही प्रत्येकाच्या पोथीत चाळीस-पन्नास लाख जागी वेगळं अक्षर असतं. बहुतेक ठिकाणी त्यानं काही बिघडत नाही. काही ठिकाणी थोडं बिघडतं. २००६ मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांना ‘टीसीएफ सेव्हन एल टू’ नावाच्या जनुकात असा एक बदल सापडला. तो स्वादुपिंडाच्या इन्शुलिन सोडण्याच्या कामात खोडा घालतो. लगेच पुढच्या वर्षी हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक आणि याज्ञिक सरांच्या गटानं दाखवलं की आपल्या लोकांतही तो आहे आणि इथंही तो मधुमेहाशी जोडलेला आहे. ज्याच्याकडं त्याची एक प्रत, त्याचा धोका साधारण दीडपट. २००७ मध्ये ‘एफटीओ’ सापडला, हा भूक आणि वजनाशी संबंधित. त्याच्या दोन प्रती असलेला युरोपातला माणूस सरासरी तीन किलोनं जड. फक्त तीन किलो! दिवाळीच्या फराळात आपण एवढं करतो. मात्र पुण्याच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की भारतीयांत वजनाचा हिशेब बाजूला काढला तरी या जनुकाचा मधुमेहाशी थोडा संबंध उरतोच. आणि २००८ मध्ये ‘एमसी फोर आर’ या जनुकाजवळचा एक बदल सापडला, तो भारतीय वंशाच्या लोकांत पोटाच्या घेराशी आणि इन्शुलिन रेझिस्टन्सशी जोडलेला निघाला.

आज मधुमेहाशी नातं असलेल्या अशा सहाशेच्या वर जागा माहीत आहेत. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. एकाच जनुकामुळं होणारा मधुमेहही असतो, पण तो क्वचित. आपल्या घरोघरचा जो आहे तो या शेकडो चिमट्यांचा मिळून आहे. म्हणून ‘आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य अर्धं खरं.

दुसरं अर्धं आपल्या जिल्ह्याच्या शेळीवरून सांगते. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. काळी, काटक, दुष्काळात तगणारी, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. शेळी पाळणारा माणूस बीज बघून बोकड आणतो, म्हणजे अनुवंश त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा आधीपासून कळतो. पण त्यालाच विचारा, त्या बीजाचं करडू बांधून ठेवलं आणि नुसती पेंड चारली तर काय होईल? आणि गाभण शेळीला पाला मिळाला नाही तर करडू कसं निघेल? तो हसेल तुम्हाला. बीज, चारा आणि हिंडणं हे तिन्ही त्याच्या हिशेबात असतं. माणसाच्या बाबतीत मात्र आपण बीजावर थांबतो.

आणि दुष्काळाचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू या. इथं बसलेल्या ज्येष्ठांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेल्या बायका, त्यात गरोदर बायकाही होत्या, सुकडी, रेशनची मिलो. त्या वेळी पोटात असलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं अशीच उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या बाळांची ती पन्नाशीला आल्यावर तपासणी केली, तर त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. इंग्लंडचे डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये हाच विचार मांडला होता: पोटात उपाशी राहिलेलं बाळ काटकसरीनं जगायला शिकतं आणि पुढं भरल्या ताटापुढं त्याची पंचाईत होते.

हॉलंडची उपासमार काही महिन्यांची. आपल्याकडची पिढ्यानपिढ्यांची. तेव्हा त्यांचा हिशेब इथं जसाच्या तसा लावायचा नाही. त्यासाठी दुसरा प्रयोग आहे. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी ठेवल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. त्या उंदरांत इन्शुलिन जास्त, बी-ट्वेल्व्ह कमी आणि मधुमेहाकडं कल. पुढं दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं तरी तो कल गेला नाही. डीएनएची अक्षरं बदलावी लागली नाहीत, पण अक्षरं कोणत्या पानावर दुमडून ठेवायची आणि कोणती उघडी ठेवायची ते बदलतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. आपल्या आजीपणजीनं उपास काढले, आपण एका पिढीत सायकलवरून कारवर आलो. शरीराला एवढ्या घाईनं बदलता येत नाही.

म्हणून आजी, हात जोडून सांगते, ‘माहेराहून आलं’ हे शास्त्रात बसत नाही. मुलाला निम्मी जनुकं बापाकडून येतात, म्हणजे तुमच्याकडूनसुद्धा. उरलं पोटातलं पोषण. तर सून गरोदर असताना कोणाच्या घरात जेवत होती? (इथं बराच वेळ हशा. – संपादक) हसू नका, हे गंभीर आहे. याच शब्दावरून मी माझ्या विद्यार्थिनींची लग्नं मोडताना पाहिलीत. बाळंतपणात साखर वाढली म्हणून एखादीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. अशा बाईला टोमण्याची गरज नसते. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत पुन्हा साखर तपासायची आणि नंतरही ठराविक काळानं तपासत राहायची, याची असते. ती तपासणी मात्र बाळाच्या बारशाच्या गडबडीत राहून जाते.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घ्यायच्या, त्यांची बाळं आकारानं चांगली निघाली. जास्त अंगमेहनत करणाऱ्यांची लहान. आणि सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-ट्वेल्व्ह कमी होतं. ज्यांच्यात फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-ट्वेल्व्ह कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन रेझिस्टन्स जास्त. बी-ट्वेल्व्ह भाजीपाल्यात नसतं; दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतच मिळतं. तेव्हा घरात दही लागलं तर पहिली वाटी कोणाला जाते आणि शेवटची कोणाला, एवढं आज रात्री बघा. आपल्याकडं चुका, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला काय कमी आहे? पण तोही बाईच्या ताटात पोचला पाहिजे.

आता त्या तरुणाचं वाक्य राहिलं, ‘होणारच, मग पथ्य कशाला?’ याचं उत्तर फार सुंदर आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजन सात टक्के उतरवणं, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नंतर त्याच लोकांची जनुकं तपासली. मघाचं ते ‘टीसीएफ’. ज्यांनी काहीच बदल केला नाही त्यांच्यात, त्याच्या दोन प्रती असणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी जास्त. आणि जे चालले, ज्यांनी खाणं बदललं, त्यांच्यात तो फरक जवळजवळ पुसला गेला! म्हणजे ज्याच्या रक्तात जास्त आहे, त्यालाच चालण्याचा फायदा जास्त. घरात सगळ्यांना आहे म्हणून पथ्य सोडणारा माणूस नेमकं उलटं करतोय.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास आपल्या लोकांवर केला, २००६ मध्ये छापला. इथं घट २८.५ टक्के आली, अमेरिकेपेक्षा कमी, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या लोकांचं वजन काही उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. काट्यावर आकडा हलला नाही म्हणून नाराज होणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. कारण चालताना स्नायूंचं दार बेल न वाजवताही उघडतं. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चकरा मारल्या तरी हे होतं. कोजागरीला सोलापूरकडून लोक तुळजापूरला चालत येतात. आपल्याला रोज हातलादेवीच्या पायथ्यापर्यंत जायला काय हरकत आहे? आणि हो, लिफ्टची मागणी दर वार्षिक सभेत होते, ती गुडघे दुखणाऱ्यांसाठी योग्यच आहे, पण पंचविशीतल्या पोरांनी तिच्यासाठी हात वर करू नयेत.

खाण्याबद्दल थोडंच बोलते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. ज्वारी चांगली, पण ‘ज्वारीच आहे’ म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींचीच साखर होते. भाकरी एक कमी, डाळ-उसळ एक वाटी जास्त. उपवासाला साबुदाणा हा तर साखरेचाच भाऊ. कुंथलगिरीचा पेढा पाहुण्याला एक द्यावा, डबा पुढं सरकवू नये.

आईवडिलांनी मुलांची मानही बघावी. मानेच्या मागं काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला की आपण मळ समजून घासतो, उटणं लावतो. बऱ्याचदा तो इन्शुलिन रेझिस्टन्सचा निरोप असतो. मुलींत पाळी अनियमित असेल तर तेही. घासू नका, दाखवा.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन:

‘थुंकीवरून जनुकं तपासून देतात, ती टेस्ट करावी का?’ – हौस असेल तर करा. पण आईवडील, भावंडं यांपैकी कोणाला मधुमेह असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, हे फुकटात कळतं. आणि शिवणकामाची टेप दहा-वीस रुपयांत येते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषमंडळी पोट आत ओढतात, म्हणून दुसऱ्यानं मोजावं.

‘मुलाच्या बायोडाटात घरच्या शुगरचं लिहावं का?’ – देशात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. ज्या घरात कोणालाच नाही असं स्थळ शोधत बसलात तर मुलगा म्हातारा होईल. लग्न ठरल्यावर दोघांनी आपापल्या घरचा इतिहास एकमेकांना मोकळेपणानं सांगावा, म्हणजे दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगता येतो. टेप मी आणलीय, टेबलावर ठेवलीय. जेवणाची पंगत बसायला अजून दहा मिनिटं आहेत.